मनगटावरचं माप

"कशाशी पडताळलं?"

कुणीही त्यांना कसलाही आकडा सांगितला, की ते चष्मा कपाळावर ढकलत, मान जराशी तिरकी करत आणि एवढंच विचारत. तुम्ही म्हणालात, आज चाळीस डिग्री आहे, तर हा प्रश्न. तुम्ही म्हणालात, माझं वजन दोन किलोनं उतरलं, तर हाच प्रश्न. आमच्या जनरल मॅनेजरनी एकदा भर मीटिंगमध्ये रिजेक्शनची टक्केवारी मोठ्या अभिमानानं सांगितली आणि मागच्या खुर्चीतून शांतपणे "कशाशी पडताळलं, साहेब?" असं आलं. त्यानंतर ती मीटिंग काही रंगली नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक कंपनीत एक तरी असतं. आमची कंपनी चाकणची, गाड्यांच्या गिअरबॉक्समधले शाफ्ट बनवणारी. मी प्रॉडक्शनला आणि हे स्टँडर्ड रूमला. स्टँडर्ड रूम म्हणजे कंपनीतली सगळी मोजायची हत्यारं जिथं तपासली जातात ती खोली. हत्यार बरोबर असलं की त्याला हिरवं स्टिकर आणि बिघडलेलं असलं की लाल. एकदा लाल लागलं की मालकाचा बाप आला तरी ते हत्यार पुन्हा लाइनवर जात नसे.

अकरा वर्षं मी त्यांच्याशी भांडलो, हे आधीच सांगून टाकतो. मी नवा शाफ्ट मशीनवरून काढून धावत त्यांच्याकडे न्यायचो आणि ते हातही लावायचे नाहीत.

"चार तास राहू द्या इथं."

"अहो भाऊ, बाहेर ट्रक उभाय!"

"उभा राहू द्या की. तापलेल्या लोखंडाचं माप खरं येत नसतंय."

त्या खोलीत बारा महिने वीस डिग्री. बाहेर मे महिन्यात आमचा घामटा निघत असायचा आणि आत हे गृहस्थ बिनबाह्यांचा मरून स्वेटर घालून बसलेले. चपला बाहेर, आवाज बाहेर आणि माझ्यासारख्यांची घाईही बाहेर. लातूरकडचा माणूस, बोलणं सावकाश. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि तो शाफ्ट चार तासांनी मोजला की दर वेळी त्यांचंच खरं निघायचं, त्यानं तो राग आणखी वाढायचा.

पण बोटं, राव! त्यांच्याकडे पोलादाचे छोटे छोटे ठोकळे असत, आरशासारखे घासलेले. त्यांना स्लिप गेज म्हणतात. एकावर एक नुसते सरकवले की ते चिकटून बसतात आणि त्यावरून बाकीची हत्यारं तपासतात. मध्ये धुळीचा कण असला तर चिकटत नाहीत. तो कण डोळ्यांना दिसत नाही, पण त्यांच्या बोटांना कळायचा. सरकवता सरकवता थांबायचे, "आहे इथं काहीतरी" म्हणायचे, पुसायचे, पुन्हा सरकवायचे. आम्ही कितीही भांडलो तरी हे बघायला उभे राहायचो.

आम्ही दोघंही दिघीला राहायचो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा बघतो तर काय, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हिरवं स्टिकर. रक्तदाबाच्या यंत्रावर हिरवं. भिंतीवरच्या घड्याळावर लाल.

"अहो, लाल लावलंय तर काढून तरी टाका," मी म्हणालो.

वहिनी चहा गाळत म्हणाल्या, "ते माझ्या माहेरचं आहे. स्टिकरवर भागलं, हे नशीब समजा."

ह्या माणसाला एकाच मापाची खरी काळजी होती. त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. बावन्नाव्या वर्षी ड्यूटी संपवून डेपोतल्या बाकावर टेकले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. तेव्हा हे कॉलेजात होते. बावन्न हा आकडा त्यांच्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसलेला. एकदा बसमध्ये शेजारी बसून त्यांनी मला हे सांगितलं, तेही अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

"मला बावन्न ओलांडायचंय. मग पुढचं पुढं."

त्यासाठी साखर सोडली, तेल मोजून खायला लागले आणि सकाळी पळायला लागले. लष्कराच्या भिंतीच्या कडेनं तिकडे एक बरा रस्ता आहे, सकाळी रहदारी कमी असते. आम्ही आठदहा जण तिथं पळायचो. पळायचो म्हणजे काय, पाच जण पळायचे आणि बाकीचे पळण्यावर बोलायचे. मी दुसऱ्या गटातला.

त्यांची मुलगी हिंजवडीत नोकरीला. त्यांना एक्कावन्न पूर्ण झाली तेव्हा तिनं मनगटावर बांधायचं स्पोर्ट्स घड्याळ आणून दिलं. पावलं मोजतं, झोप मोजतं आणि हृदयाचे ठोके मोजतं. दुसरा कुणी बाप असता तर डोळ्यांत पाणी आणलं असतं. ह्यांनी घड्याळ उलटं केलं, मागचे हिरवे दिवे लुकलुकताना बघितले आणि म्हणाले, "ह्याचं सर्टिफिकेट?"

"बाबा, वॉरंटी कार्ड आहे."

"वॉरंटी वेगळी. पडताळलं कशाशी?"

त्या रविवारी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो तर ओट्यावर दुधी भोपळा आडवा ठेवलेला आणि त्याच्या बारीक टोकाला ते घड्याळ घट्ट बांधलेलं. हे समोर स्टूल घेऊन बसलेले. घड्याळानं जरा वेळ घेतला आणि आकडा दाखवला. बहात्तर.

"बघा! दुध्याला नाडी आहे," ते म्हणाले.

"आता मी चिरू कसा ह्याला?" वहिनी म्हणाल्या. "जित्ता आहे तो."

मी हसून हसून बेजार. हे मात्र गंभीर. मला समजावून सांगितलं: घड्याळ कातडीत हिरवा उजेड सोडतं. ठोक्यासरशी रक्त येतं-जातं तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, ते बघून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे ठोका त्याला दिसत नाही, उजेड दिसतो. उजेड भोपळाही परत पाठवतो. मग बिचारं अंदाजानं काहीतरी सांगतं. "खोटारडं नाही ते. पण गप्प बसायचं कधी, ते त्याला कळत नाही." दुपारी त्याच दुध्याची भाजी मी तिथंच जेवलो.

मग प्रयोग रस्त्यावर आले. पळताना त्यांचं घड्याळ एकशे बहात्तर दाखवायचं. एक्कावन्नच्या माणसाला हा आकडा काही बरा नव्हे. पण ह्यांना ना धाप, ना काही, चक्क गप्पा मारत पळायचे. थांबून गळ्यावर दोन बोटं ठेवून मोजले तर एकशे अडतीस. चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही माझी पावलं मोजा." मी रस्त्याच्या कडेला घड्याळ धरून उभा राहिलो. एका मिनिटात पावलं भरली एकशे बहात्तर!

"हे छाती मोजतच नाहीये," ते धापा न टाकता म्हणाले. "पाय मोजतंय."

हात हलतो, घड्याळ हिंदकळतं, तो हेलकावाच त्याला ठोका वाटतो, असं त्यांचं म्हणणं. लांब ढांगा टाकून पळाले तर आकडा उतरला, तुरुतुरु पळाले तर चढला. आमच्यात एक शाळेतले क्रीडाशिक्षक होते. त्यांच्याकडे छातीला बांधायचा पट्टा होता. तो उजेडावर चालत नाही, हृदयाची वीज पकडतो. हे कळल्यावर भाऊंनी तो पट्टा मास्टर म्हणून जाहीर केला. मास्टर म्हणजे ज्याच्याशी बाकीचं पडताळायचं ते.

झालं! आमच्या रस्त्याची स्टँडर्ड रूम झाली. ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ होतंच. आधी बाकावर दोन मिनिटं गप्प बसायचं, मग चालायचं, मग पळायचं. प्रत्येक वेळी तीन-तीन रीडिंग घ्यायची आणि रीडिंग घेणाऱ्याला आधीचा आकडा सांगायचा नाही. गाड्यांचे एक शोरूमवाले होते, ते आपली बसल्या बसल्याची नाडी अठ्ठेचाळीस आहे म्हणून छाती फुगवून सांगायचे. खेळाडूंची असते म्हणे तेवढी. भाऊंनी त्यांच्या घड्याळाचा पट्टा दोन घरं आवळला, ते मनगटाच्या हाडाच्या वर सरकवलं आणि आकडा आला एकोणऐंशी. शोरूमवाले आठ दिवस पळायला आले नाहीत.

निष्कर्ष त्यांनी मला तोंडी ऐकवले. बसलेल्या माणसाचं घड्याळ बहुतेक बरोबर सांगतं. चालताना चालून जातं. पळताना, हात जोरात हलताना, थंडीत बोटं गार पडलेली असताना त्याच्यावर विसंबू नये. पट्टा सैल असला तर मुळीच नाही. हे सगळं त्यांचं खरं होतं. आजही मी कुणी विचारलं तर हेच सांगतो.

दिवाळीनंतर मात्र वेगळंच सुरू झालं. आता त्यांचं घड्याळ बसल्या जागी चुकायला लागलं. बाकावर शांत बसलेले असताना एकाहत्तर, लगेच एकशे अठरा, लगेच चौसष्ट. त्यांनी मागची काच पुसली, पट्टा आवळला, दुसऱ्या हातात बांधलं. तेच. मग रीतसर तपासणी झाली. मी स्टॉपवॉच धरलं. हे एक मिनिटभर गळ्यावर बोटं ठेवून मोजणार आणि मी त्याच मिनिटातले घड्याळाचे आकडे टिपणार. बोटांचं आलं चौऱ्याऐंशी. दुसऱ्यांदा शहाऐंशी. तिसऱ्यांदा पुन्हा चौऱ्याऐंशी. घड्याळ मात्र तिन्ही वेळा बेभान उड्या मारत होतं.

"हे गेलं," मी म्हणालो. "फेका आता. पोरीला सांगा, दुसरं आणून देईल."

"फेकायचं नसतंय," ते म्हणाले. खिशातून लाल स्टिकर काढलं, घड्याळाच्या काचेवर चिकटवलं आणि घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवलं. "एकाच गोष्टीचं माप तीनदा घेतलं अन् तीन तऱ्हेचं आलं, तर ते हत्यार रिजेक्ट."

क्रीडाशिक्षक त्या दिवसांत शाळेच्या स्पर्धांमुळे येत नव्हते, छातीचा पट्टा त्यांच्याकडेच होता. तो मागून आणावा असं आम्हां दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. बोटं होती ना!

त्यानंतर साधारण महिन्यानं, एका सोमवारी, मी नेहमीप्रमाणे भांडायला स्टँडर्ड रूममध्ये गेलो. ते ठोकळे सरकवत होते. मी काहीतरी तणतणत होतो, तेवढ्यात एक ठोकळा त्यांच्या हातातून फरशीवर पडला. त्या खोलीत काही पडल्याचा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. ते वाकले आणि तो उचलायला लागले. उजव्या हाताची बोटं ठोकळ्यावर होती, पण मिटत नव्हती. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि काहीतरी बोलले. ते शब्द नव्हते.

कंपनीच्या गाडीतून भोसरीच्या एका दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाचे ठोके अनियमित पडतायत, बहुधा काही आठवड्यांपासून किंवा महिन्यांपासून पडत असावेत. त्यानं आत रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. "आधी काही जाणवलं नाही का?" असं त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

चौथ्या दिवशी त्यांना बऱ्यापैकी बोलता यायला लागलं. मी शेजारी बसलो होतो. ते छताकडे बघत एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "गेज बरोबर होतं. पार्ट हलत होता."

हे मला कळलं, तुम्हांला सांगायला हवं. आमच्या लाइनवर हे आठवड्यातून एकदा तरी होतं. ऑपरेटर मायक्रोमीटर घेऊन येतो आणि म्हणतो, हे हत्यार बिघडलंय, एकाच शाफ्टचं माप दर वेळी वेगळं दाखवतंय. भाऊ मायक्रोमीटरकडे बघायचेही नाहीत. शाफ्ट हातात घ्यायचे, फिरवायचे आणि म्हणायचे, "शाफ्टच गोल नाही तर हत्यार काय करणार?" मापं वेगवेगळी यायला लागली तर आधी वस्तू तपासायची, मग हत्यार. शेकडो ऑपरेटरांना त्यांनी हे शिकवलं. मलाही शिकवलं. आणि आम्ही दोघं शहाणे त्या बाकावर बसलो होतो तेव्हा शाफ्टच्या जागी त्यांचं हृदय होतं, तर ते तपासायचं आमच्या ध्यानातही आलं नाही. आम्ही हत्याराला लाल स्टिकर लावून मोकळे झालो.

"पण बोटांचा आकडा तर बरोबर येत होता," मी म्हणालो. मला स्वतःचा बचाव करायचा होता, दुसरं काही नाही.

"बोटांना कळत होतं," ते म्हणाले. "एक ठोका लांब, दोन जवळ जवळ. एखादा तर यायचाच नाही. कळत होतं, राव. पण मी मोजत होतो. चौऱ्याऐंशी आलं, आकडा लिमिटमध्ये होता. म्हटलं, पास."

एवढं बोलून ते दमले. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण उगाच सारखं केलं आणि बाहेर जिन्यात जाऊन रडलो. मी स्टॉपवॉच धरलं होतं आणि फेका म्हणणाराही मीच. मी घड्याळाची बाजू घेत नाही. ते पळताना पावलंच मोजतं आणि दुध्यालाही नाडी देतं. त्या बाकावरही त्याला काय झालंय हे ठाऊक नव्हतं, ते नुसतं गडबडलं होतं. पण गडबड खरी होती, आणि ती ऐकायचं काम आमचं होतं.

गोळ्या सुरू झाल्या, ठोके ताब्यात आले. पाय सावरला, जीभ सावरली. उजव्या हाताची पकडही हळूहळू आली, पण बोटांना आधीसारखा स्पर्श काही कळेना. कंपनीनं पुन्हा रुजू करून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्वेटर घातला, ठोकळे काढले आणि सरकवायला लागले. मी दारात उभा होतो. ते चिकटेनात. पुसले, पुन्हा सरकवले. कण कुठं आहे ते त्यांना सापडत नव्हतं. दहाएक मिनिटांनी त्यांनी सगळे ठोकळे पेटीत जिथले तिथं ठेवले, पेटी बंद केली आणि मला म्हणाले, "दुसरा माणूस बघायला सांगा." आवाजात काही नव्हतं, एखाद्या हत्याराला शेरा द्यावा तसं म्हणाले.

दोन महिन्यांनी ते वहिनींना घेऊन गावी गेले. मुलगी हिंजवडीजवळ मैत्रिणींबरोबर राहायला लागली. जायच्या दिवशी सामानाच्या टेम्पोत वहिनींनी माहेरचं घड्याळ मांडीवर घेतलं होतं आणि हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी हात हलवला, त्यांनीही डावा हात हलवला. रस्त्यावरचे आमचे लोक अजून पळतात. नवी घड्याळं आली, त्यांचे आकडे एकमेकांना मोठ्यानं सांगितले जातात आणि सगळे "वा वा" म्हणतात. माझंही "वा वा" त्यातच असतं.

गेल्या महिन्यात सकाळी त्यांचा फोन आला. मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो.

"राव, आज जमलं बघा."

"काय जमलं?"

मग त्यांनी सावकाश सांगितलं. वडील बावन्नाव्या वर्षी गेले एवढंच सगळे म्हणत, पण नक्की किती दिवसांचे होऊन गेले, हे शोधायचं होतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. त्या काळी गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जूनच लावून टाकलेली, तिचा काय उपयोग? म्हणून गावी गेल्यावर ते नव्वदीच्या आत्याकडे जाऊन बसले. आत्या म्हणाली, तुझा बाप झाला तेव्हा ज्वारीची काढणी चालली होती. काढणी चालते दोन महिने, म्हणजे तेवढा फरक पडू शकतो.

"मग मी जास्तीत जास्त धरलं," ते म्हणाले. "वडील जितके मोठे असू शकत होते तितके मोठे धरले. त्या हिशेबानंही काल दिवस भरले. आज मी त्यांच्यापेक्षा मोठा झालो."

"भाऊ!" मी म्हणालो. मला एवढा आनंद झाला की शेजारी उभी असलेली माणसं बघायला लागली. "पेढे कधी?"

ते हसले नाहीत.

"भिंतीवर त्यांचा फोटो आहे," ते म्हणाले. "रोज अंघोळ झाली की नमस्कार करतो. आज हात जोडले अन् नीट बघितलं. राव, किती लहान होता हो तो. केस सगळे काळे."

बस आली, दार उघडलं, माणसं चढली. मी ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून खुणावलं. पलीकडे ते श्वास घेत होते, तो मला ऐकू येत होता. फोन दोघांनीही ठेवला नव्हता.